मंदीच्या वर्षीची भातलावणी

माझं माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावरच्या एका धनगरवाड्यात. सात घरं, आणि माणसांच्या घरांपेक्षा म्हशींचे गोठे मोठे. दहावीपुरती मी खाली मामाच्या घरी राहिले, पास झाले आणि परत वर गेले. लग्न होऊन भोरशेजारी उत्रोलीला आले तेव्हा मला दोनच गोष्टी चांगल्या येत होत्या, धार काढणं आणि न थांबता चढ चढणं. उत्रोली हे सपाटीवरचं, भाताचं गाव. तिथं चढ नव्हता आणि सासरी म्हैसही नव्हती. खाचरात उतरले की माझी ओळ वाकडी जायची आणि सासूबाई बांधावरून म्हणायच्या, "अगं, भात लावतीस का सापाची चाल काढतीस?"

म्हणून नवऱ्यानं जेव्हा सांगितलं, की कामथडीच्या जवळ हायवेला एका कंपनीत बायका घेताहेत, तेव्हा मीच पुढं होऊन जाते म्हणाले. नवरा तिथल्याच कारखान्यांतला माल टेम्पोनं पुण्याला न्यायचा, त्यामुळं त्याला सगळ्या गेटांची माहिती. ही कंपनी गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. गाडीच्या पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत ज्या शेकडो वायरी जातात त्या एकत्र बांधून त्यांची एक जुडी करायची, त्याला हार्नेस म्हणतात. एक मोठी उभी फळी असते, तिच्यावर खुंट्या ठोकलेल्या आणि वायरींचा नकाशा काढलेला. त्या फळीला बोर्ड म्हणतात. एका बोर्डावर दोघी, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. एकीचा हात मागं पडला की दुसरीचं काम अडतं.

माझ्या बोर्डावर दुसऱ्या टोकाला जी बाई होती ती ओडिशाची. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. ती मला बहीण म्हणायची. ती ठेकेदाराच्या माणसांतली होती, मी कंपनीच्या माणसांतली, कारण मी इथली होते आणि घेताना इथल्यांना कंपनीच्या हजेरीवर घ्यायचं असं ठरलेलं होतं. काम मात्र तिनंच मला शिकवलं. पहिल्या आठवड्यात माझी टेप सुटायची आणि जुडीचं पोट फुगायचं. तिनं माझा अंगठा धरून वायरीवर दाबला.

"टेप ओढू नको. वायर फिरव. टेप आपली येती मागनं."

मराठी ती लाईनवरच्या बायकांकडून शिकली होती, त्यामुळं तिच्या बोलण्यात आमच्यापेक्षा जास्त 'लई' असायचं. लई थंडी, लई भूक, साहेब लई येडा. तिचा नवरा शेजारच्या एका कारखान्यात हेल्पर होता. तीन वर्षांची मुलगी होती, तिला कामथडीच्या पत्र्याच्या चाळीत शेजारणीकडं ठेवून यायची. दीड वर्ष आम्ही एका बोर्डावर काढलं. जेवायला एकत्र बसायचो. तिला माझी भाकरी आवडायची, मला तिचा तो आंबवलेला पाणीभात कधीच आवडला नाही, पण ती दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी एक घास खायचे.

मग मंदी आली.

टीव्हीवर ती आधीपासून होती म्हणतात, पण आम्हाला ती निराळ्याच गोष्टींतून कळत गेली. आधी ओव्हरटाईम बंद झाला. मग दुपारच्या चहाला साहेब घड्याळ बघेनासे झाले. पाठवायच्या मालाच्या पेट्या दारापर्यंत रचलेल्या असायच्या, त्यांची रांग आखडत आखडत भिंतीला टेकली. एका सोमवारी कामावर गेलो तर कोपऱ्यातल्या चार बोर्डांवर प्लॅस्टिकचा कागद घालून तो दोरीनं बांधून टाकलेला. प्रत्येक जण येताजाता त्या कागदाकडं बघत होता.

घरी नवऱ्याचा टेम्पो अंगणात उभा राहायला लागला. आधी दिवसाआड जायचा, मग आठवड्यातनं एकदा. तो रोज सकाळी उठून टेम्पोची काच पुसायचा आणि आत येऊन बसायचा. सासूबाई त्याला म्हणाल्या, "काच झिजंल आता."

त्याच सुमाराला एका रविवारी सकाळी नसरापूरला आम्हा इथल्या कामगारांना बोलावलं. एका देवळाच्या शेजारची पत्र्याची शेड होती, सतरंज्या घातलेल्या. आमच्याच कंपनीतला एक जण पुढारपण करायचा, त्याला सगळे भाऊ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. त्याच्या वडिलांची जमीन हायवेला गेली होती आणि ती गोष्ट सांगताना त्याचा आवाज खरोखर भरून यायचा.

"जमिनी आपल्या गेल्या," तो म्हणाला. "धूर आपण खातोय. आन काम कमी करायची येळ आली तर आपल्याला काढनार? मग ते कुठनं कुठनं आल्यालं हितं काय करत्यात?"

एक निवेदन टाईप करून आणलं होतं. त्यात लिहिलं होतं, की कामगार कमी करायचेच असतील तर आधी बाहेरच्या राज्यांतले कमी करावेत, मगच स्थानिकांचा विचार व्हावा. कागद फिरत फिरत माझ्याकडं आला. माझ्या डोळ्यांपुढं ताई आली नाही असं मी म्हणणार नाही. आली. पण तिच्याबरोबर अंगणातला टेम्पोही आला, आणि माझी दोन मुलं आली, त्यातल्या मोठीचं चौथीचं वर्ष. मी मनात म्हटलं, एका सहीनं काय होतंय, आणि सही केली. माझं अक्षर चांगलं. त्या कागदावर माझं नाव सगळ्यांत नीट वाचता येण्यासारखं होतं.

दहा-बारा दिवसांनी ठेकेदाराच्या माणसांना 'ब्रेक' दिला. आमच्याकडं कामावरून काढलं असं कुणी म्हणत नाही, ब्रेक दिला म्हणतात. आमच्या लाईनवरच्या सात बाया गेल्या, त्यात ताई. शिफ्ट सुटल्यावर ती गेटापाशी माझ्यासाठी थांबली होती. तिच्या हातात डबा आणि चपलेची पिशवी, बाकी काही नव्हतं.

"जाते बहीण," ती म्हणाली. "मंदी गेली की येईन. माझी जागा धरून ठेव."

मी मान हलवली. जीपमध्ये बसले आणि उत्रोलीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन महिने गेले. बोर्डावर मी एकटीच होते, डावं टोकही मीच करायचे आणि उजवंही. आणि मग आषाढाच्या तोंडाला आमचंही नाव आलं. इथल्या, कंपनीच्या हजेरीवरच्या, निवेदनावर सह्या केलेल्या अशा आम्ही सगळ्या. भाऊसुद्धा. भाऊ साहेबांपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाहेरच्यांना काढलं ना, मग आमाला का?"

साहेब तरुण होते, सांगलीकडचे. चिडले नाहीत. म्हणाले, "दादा, त्यांना काढलं म्हणून तुम्ही राहाल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा कागद वर गेला, फायलीत लागला. गाड्याच विकल्या जात नाहीत, तर वायरी कुठं लावायच्या? माझं तरी पुढच्या महिन्यात काय आहे, मला माहीत नाही."

तो दिवस मला आठवतो तो वाईट वाटल्यामुळं नाही. घरी येताना जीपमध्ये मी हिशोब करत होते, की आता काय. आणि उत्तर येत होतं, की फार काही नाही. घर आहे. अर्धं पोतं तांदूळ आहे. रेशनकार्ड आहे, त्यावर अंगठा लागतो. माहेराहून दही-तूप येईल. शेतात लावणी आलीय, तिथं हात लागतीलच. माझं काम गेलं होतं, पण पायाखालची जमीन गेली नव्हती. आणि हे सगळं मनात मोजत असताना एकदम लक्षात आलं, की दोन महिन्यांपूर्वी ताई गेटातून बाहेर पडली तेव्हा तिच्यापाशी यातलं एकही नव्हतं.

घरी आले तर निराळंच. सासूबाई सकाळी बांधावरनं घसरल्या होत्या. घोटा सुजून टम्म झालेला, वर हळदीचा लेप. हाड मोडलं नव्हतं, पण महिनाभर पाय टेकायचा नाही असं भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

"आता सावडीचं कसं व्हायचं?" त्यांना दुखण्यापेक्षा तीच काळजी.

आमच्या गावात लावणी सावडीनं होते. आज आमच्या घरच्या दोन बायका तुमच्या खाचरात, उद्या तुमच्या दोघी आमच्या. जितक्या जाणार तितक्याच येणार. आमच्या घरून सासूबाई आणि मी. सासूबाई म्हणजे गावातला भरवशाचा हात, आणि मी म्हणजे वाकडी ओळ. एकटी मीच गेले असते तर लोकांनी तोंडावर काही म्हटलं नसतं, पण आमच्या खाचरात कोण आणि किती येणार ते दिसतच होतं. रोपं हातभर झाली होती. आठ दिवसांच्या वर थांबता येणार नव्हतं.

मी म्हटलं, "आत्या, मी एकीला आनते. तिला भात लावता येतो. ती भाताच्याच मुलखातली."

"कोन?"

"कंपनीतली. माझ्या बोर्डावरची."

"बाहेरची व्हय?" सासूबाईंनी पायावरचा लेप चाचपला. मग म्हणाल्या, "कोन कुठली, काय खाती, काय पिती... बग बाई. पाय माजा मोडलाय, म्या काय त्वांड चालवनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामथडीला गेले. चाळीतल्या तिच्या खोलीला कुलूप होतं, आणि ते तिचं कुलूप नव्हतं. शेजारची बाई धुणं पिळत होती. ती म्हणाली, "खोली सोडून आठ दिस झालं तिला. नवरा गेला गुजरातेत काम बघाया, त्याचा फोन न्हाई, काय न्हाई. पोरगीला घेऊन गेली कुठंतरी."

"कुठं?"

"नसरापूरला दिसली व्हती म्हनं. बोचकं घेऊन बसल्याली."

ती एकटी, मुलगी कडेवर, दोन रात्री लागणाऱ्या ओडिशाच्या गाडीनं गावी निघाली असेल का? का पुण्याला गेली? तिथं तिला कोण होतं? तिचा फोन लावला तर बंद. शेअर रिक्षानं नसरापूरला आले. वडापाववाल्याला विचारलं, केळीवाल्याला विचारलं. अशी अशी बाई, सावळी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. हायवेच्या एका हॉटेलमागं एक परराज्यातली बाई भांडी घासते असं कळलं म्हणून धावत गेले, तर ती दुसरीच. तिनं माझ्याकडं अशा आशेनं पाहिलं की मी कुणाला तरी शोधतेय म्हणजे तिलाच शोधत असेन. मी "चुकलं बाई" म्हणून परत फिरले. ती नजर अजून डोळ्यांपुढं येते.

शेवटी एका रिक्षावाल्याला आठवलं. "ती व्हय? येका वाक्यात चार बार लई म्हनती ती? तिला म्या नर्सरीपाशी सोडली."

हायवेला लागून झाडांच्या रोपांची एक नर्सरी होती. हिरवी जाळी, खाली चिखल. आत पाच-सहा बायका मातीच्या ढिगाभोवती बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या. त्यांत ताई होती. शेजारी मुलगी एका पिशवीत खडे भरत बसली होती, मन लावून.

मी तिथंच एका पालथ्या घमेल्यावर बसले आणि रडायला लागले. ताई घाबरून उठली, मातीचे हात तसेच माझ्या खांद्यावर.

"काय झालं? सासू गेली का?"

"न्हाई गं," मी रडता रडता हसायला लागले. "पाय मुरगळलाय फक्त."

आठ दिवस ती तिथल्याच सामानाच्या खोलीत राहत होती. पाच दिवसांचं काम उरलं होतं, पुढचं ठाऊक नव्हतं. मी लावणीचं सांगितलं. जी मजुरी गावात चालते तीच मिळेल, आमच्या घरच्या सावडीला दुसरी बाई म्हणून जायचं, राहायचं आमच्याकडं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"लावणी?" ती म्हणाली. "बहीण, मी चार वर्षं पाण्यात पाय घातला नाही. लई वर्षं झाली."

नर्सरीवाल्याला सांगून, पाच दिवसांचं काम दुसऱ्या बाईला देऊन आम्ही निघालो. ती दुसरी बाई म्हणजे हॉटेलमागची ती. मीच जाऊन तिला सांगून आले.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी हट्ट केला, की मला बांधावर न्या. नवऱ्यानं त्यांना उचलून टेम्पोत बसवलं, टेम्पोला तेवढंच काम. बांधावर खुर्ची, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पाय उशीवर. त्या खरं तर तपासायलाच आल्या होत्या. ताई साडी गुडघ्यापर्यंत खोचून खाचरात उतरली, रोपांची एक जुडी डाव्या हातात घेतली, अंगठ्यानं रोपं सोडवत उजव्या हातानं लावत मागं मागं सरकायला लागली. पाण्यात टप टप असा एकसारखा आवाज. मान वर न करता ती खाचराच्या त्या टोकाला पोचली तेव्हा मी आणि गावातल्या दोघी निम्म्यावर होतो. तिची ओळ दोरी धरल्यासारखी.

सासूबाईंनी डोक्यावरचा कागद मागं सारून ती ओळ टोकापासून टोकापर्यंत पाहिली. मग हाक मारली, "ये पोरी! तुमच्यात येका जागी काडी किती लावत्यात?"

"तीन, चार. पाणी लई असलं तर पाच."

"आमी पन तीन-चारच." सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या. "हिला सांग की जरा. ही सात सात कोंबती."

ही म्हणजे मी.

दुपारी जेवायला बसायच्या आधी ताईनं बांधाच्या बिळांत हात घालून आठ-दहा खेकडे काढले आणि पिशवीत टाकले. संध्याकाळी आमच्या चुलीवर तिनं त्यांचा रस्सा केला, तिच्या पद्धतीचा, मोहरी वाटून. सासूबाईंनी आधी वाटीभर घेतला, मग पातेलं जवळ ओढलं. काय खाती, काय पिती हा प्रश्न त्या दिवशी मिटला. पोरगी माझ्या मुलांच्यात मिसळली ती दिसेचना.

चौथ्या दिवशी आमच्याच खाचरात काम होतं. बांधावर बसून आम्ही दोघीच भाकरी खात होतो. माझी भाकरी तशीच हातात होती. रोज तिच्याशेजारी वाकून रोपं लावायची आणि मनात ते ओझं ठेवायचं, हे जमत नव्हतं. मी एका दमात सांगून टाकलं. नसरापूरची ती शेड, निवेदन, माझी सही.

ताई भाकरी चावत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"कसं?"

"ठेकेदारानं दाखवला कागद. म्हणाला, बघा, तुमच्याच लाईनच्या बायका. मला मराठी वाचता येत नाही. तुझं नाव येतं. रोज तुझ्या कार्डावर बघायची ना."

"मग गेटावर माझी जागा धर म्हणालीस..."

"रागानं म्हणाले." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुला लागावं म्हणून. लागलं?"

"लागलं."

"बस मग."

मग ती स्वतःहून बोलायला लागली. इथं यायच्या आधी ती आणि नवरा दुसऱ्या राज्यात कपड्याच्या कारखान्यात होते. तिथंही काम मंदावलं होतं. "तिथं आम्ही जुने होतो. आमच्या जिल्ह्याची माणसं लई. नवीन माणसं दुसरीकडची आली होती. आम्ही सगळ्यांनी मालकाला जाऊन सांगितलं, आधी त्यांना काढा. मी पुढं होते." तिनं बोटं चाटली. "त्यांना काढलं. महिन्यानं आम्हाला काढलं. म्हणून इकडं आलो. कागद नव्हता एवढंच. मला लिहिता आलं असतं तर मी पण सही केली असती."

छातीवरचा धोंडा कुणीतरी हळूच उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खरोखर भूक लागली होती असं लक्षात आलं. त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या. ताईनं मोजल्या.

तिच्या नवऱ्याचा मात्र अजून फोन नव्हता. सव्वा महिना होत आला होता. ती त्याबद्दल बोलायची नाही, पण मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, बांधावर दगडाखाली ठेवायची, आणि दर दोन ओळींनंतर त्या दगडाकडं बघायची. नवीन सिम घातल्यापासून तिचा नंबर बदलला होता, तो त्याला कसा कळणार हीच चिंता. माझ्या नवऱ्यानं तिच्या जुन्या चाळीत, नर्सरीत, रिक्षास्टँडवर, सगळीकडं माझा नंबर देऊन ठेवला होता.

लावणीचा शेवटचा दिवस होता, दुसऱ्याच्या खाचरात. पाऊस रिमझिम. माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर पलीकडून पुरुषाचा आवाज, हिंदीत, अडखळत. चाळीतल्या बाईनं नंबर दिला म्हणाला. मी ओरडले, "ताई!"

ती धावली ती पडलीच, चिखलात सपशेल. उठली. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, फोन धरायची सोय नाही. मीच तिच्या कानाशी धरला. ती तिच्या भाषेत बोलत होती, मोठ्यानं, भांडल्यासारखी. मला एक अक्षर कळलं नाही. मध्येच ती थांबली, नुसतं ऐकत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून जे पाणी वाहत होतं त्यातलं पावसाचं किती हे सांगता येईना. खाचरातल्या सगळ्या बायका हातात रोपं घेऊन वाकलेल्या तशाच उभ्या राहिल्या होत्या.

फोन संपल्यावर ती म्हणाली, "रस्त्याच्या कामावर होता. डोंगरात. रेंज नाही. मोबाईल पाण्यात पडला. टायफॉईड झाला होता, आता बरा आहे." मग एक मोठा श्वास घेतला. "येतो म्हणतो. लई मार खाणार आहे माझा."

सगळ्या बायका हसल्या आणि परत वाकल्या.

आठ दिवसांनी तो आला. भोरच्या स्टँडवर आम्ही सगळे आणायला गेलो होतो, टेम्पो घेऊन. एसटीतून उतरला तो माणूस मी कंपनीच्या गेटावर पाहिलेल्या माणसाच्या निम्मा होता. मुलीनं त्याला ओळखलंच नाही. माझ्या नवऱ्याच्या मागं लपली. तो गुडघ्यावर बसला, बोलावलं नाही, नुसता बसून राहिला. माणसं त्याला वळसा घालून जात होती. मग पोरीनं आपणहून जाऊन त्याच्या दाढीला हात लावला. ताईनं मार दिला नाही. त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागली.

त्याला अंगात बळ यायला महिना गेला. तोवर आमच्या शेजारच्या घराची मागची खोली रिकामी होती ती त्यांनी भाड्यानं घेतली. सासूबाईंनीच ठरवून दिली. पुढं भोरला एका घराच्या बांधकामावर त्याला काम मिळालं. ताई खुरपणीला जायची, मी जायचे. नवऱ्यानं टेम्पोत भाजी घालून पुण्याला न्यायला सुरुवात केली. कंपनीच्या मालाइतकी कमाई त्यात नव्हती, पण काच पुसून आत येऊन बसणं संपलं.

दिवाळीनंतर भात झोडत होतो तेव्हा साहेबांचा फोन आला. त्यांची नोकरी टिकली होती. ऑर्डर थोडी आली होती, दोन बोर्ड सुरू करायचे होते. "शिकवत बसायला वेळ नाही. तुम्ही याल का? आणि तुमच्या बोर्डावर ती ओडिशाची होती, तिचा काही पत्ता आहे का?"

मी मागं वळून पाहिलं. ताई पेंढी आपटत होती, केसांत भाताचा कोंडा.

"आहे," मी म्हणाले.

सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. त्या सात जणींतल्या चौघींचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. भाऊला परत बोलावलं नाही. त्यानं कोंबड्यांची शेड घातली, भेटला की बोलतो, निवेदनाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. आणि पहिल्या दिवशी आम्ही दोघी गेटावर पोचलो तेव्हा मी कार्ड दाखवून सरळ आत गेले आणि तिला ठेकेदाराच्या केबिनसमोरच्या रांगेत उभं राहावं लागलं. तेव्हाही तसंच, आत्ताही तसंच. तिच्यासाठी मी दोनदा साहेबांशी बोलले. बघू म्हणाले.

पण त्या दिवशी मी बोर्डापाशी उभी राहून तिची वाट बघत होते, आणि ती आली. संध्याकाळी जीपनं घरी परतताना दोघींना एकच घोर होता. ताईची पोरगी पहिल्यांदाच दिवसभर सासूबाईंपाशी राहिली होती. रडली असेल, जेवली नसेल. आम्ही जवळजवळ धावत अंगणात शिरलो.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, पोरगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपलेली.

"हळू," त्या म्हणाल्या. "येकदा पन तुमची आठवन काढली न्हाई तिनं. दोन भाकरी खाल्ल्या आन झोपली. जावा, हातपाय धुवा."